विज्ञानाच्या पदवीबरोबर धर्मांचा अभ्यास

संपादक महोदय,

विज्ञानाच्या पदवीबरोबर धर्म-अभ्यास हा विषय घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. विद्यापीठातील धर्म-अभ्यास म्हणजे धर्मोपदेश नव्हे. ग्रंथांची चिकित्सा, इतिहास, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्या साहाय्याने माणसांच्या श्रद्धा व आचार समजून घेणारी ती ज्ञानशाखा आहे आणि श्रद्धाळू व नास्तिक अशा दोघांनाही ती सारखीच खुली असते.

बेल्जियमचे धर्मगुरू व भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले. मात्र १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी अशा संशोधनाचा आधार सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेला जोडला, तेव्हा ही सांगड लमेत्र यांना रुचली नाही. दोन्ही क्षेत्रे आतून जाणणाऱ्यालाच त्यांच्यामधली सीमा इतकी स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे. उद्या अवयवदान, रक्तसंक्रमण किंवा मेंदूमृत्यू यांविषयी रुग्णाच्या कुटुंबाशी बोलावे लागणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर हा अभ्यास थेट उपयोगी पडेल.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. प्रात्यक्षिकांची लांबलचक सत्रे आणि दुसऱ्या विभागाची व्याख्याने एकाच वेळी ठेवली, तर नियमांत दिलेली मुभा कागदावरच राहते. शिवाय आकडेमोडीची सवय असलेल्या विद्यार्थ्याला दीर्घ निबंध लिहिणे जड जाते, म्हणून पहिल्याच सत्रात लेखनाचे स्वतंत्र मार्गदर्शन मिळावे आणि दोन्ही विभागांनी वेळापत्रक एकत्र बसून आखावे, ही विद्यापीठांना विनंती.

आपला विश्वासू,
एक विज्ञानशिक्षक