सोलापूरच्या जुन्या निगेटिव्हची नोंद आताच व्हावी

महोदय,

महाराष्ट्राच्या राजकीय व सांस्कृतिक इतिहासाची छायाचित्रे म्हटली की आपल्याला मुंबई-पुण्याचे संग्रह आठवतात, फार तर शासनाच्या माहिती खात्याने काढलेले फोटो. सोलापुरातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर आणि पत्र्याच्या ट्रंकांत या इतिहासाचा जो भाग पडून आहे, त्याची साधी यादीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. शहरातील एका दिवंगत छायाचित्रकाराचा संग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडे मला पाहू दिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो हा या गृहस्थांचा पोटापाण्याचा व्यवसाय होता. सभा, मोर्चे आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ते वर्तमानपत्रांसाठी आणि बरेचसे स्वतःच्या ओढीने टिपत. एका खाकी पाकिटावर शिसपेन्सिलीने ‘होम मैदान, दुसरा दिवस’ एवढेच लिहिले आहे. आतल्या पट्ट्या उजेडासमोर धरल्या की यात्रेतल्या उंच काठ्या म्हणजे नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या काळ्या दिसतात आणि त्यांच्यामागे दाटलेल्या गर्दीतला चेहरा न् चेहरा ओळखू येईल इतका स्पष्ट आहे. पण वर्ष कोणते, काठी कोणाच्या खांद्यावर आहे, हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

दुसऱ्या पाकिटावर ‘दुष्काळी काम’ असे शब्द आहेत. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली, आणि त्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आकाराला आला, हे आपण पुस्तकांत वाचतो. इथे ती कामावरची माणसे समोर उभी राहतात. सरकारी छायाचित्रात साहजिकच पाहणीला आलेले मंत्री मध्यभागी असतात. या छायाचित्रकाराने मंत्र्यांच्या ताफ्याकडे पाठ करून हातोडी घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेकडे कॅमेरा वळवला आहे. ही रांग सांगोल्याची की मंगळवेढ्याची, हे त्यांनी हयातीत एका वाक्यात सांगितले असते. त्यांना कोणी विचारले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशा संग्रहांचा विषय निघाला की बोलणे लगेच स्कॅनिंगवर येते. स्कॅनिंग हवेच, मात्र माझ्या मते पहिले काम माहिती लिहून घेण्याचे आहे. फिल्म आणखी काही वर्षे तग धरेल. ती काढणारे आणि त्यातली माणसे ओळखणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांच्या स्मृतिदिनाला एके काळी १९३० ची स्वातंत्र्य चळवळ आणि शहरातला मार्शल लॉ (लष्करी अंमल) प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अभिवादनाला येत. जुन्या फोटोंत ती असणारच. नाव मात्र नेत्याचेच लिहिलेले सापडते. १८७७ साली सुरू झालेल्या ‘जुनी मिल’ या कापड गिरणीचे कामगार, पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर, कानडी आणि उर्दू बोलणारे शेजारी यांचे दैनंदिन जीवन ज्या फोटोंत आहे, त्यांचीही हीच गत होईल.

फिल्मच्या बाबतीतही वेळ फारसा उरलेला नाही. ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आक्रसते आणि तिच्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागते. म्हणून वास येणाऱ्या पट्ट्या ताबडतोब वेगळ्या कराव्यात, निगेटिव्ह पीव्हीसीच्या पिशव्यांतून काढून आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात आणि काचेच्या प्लेटा एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. तेव्हा माळ्यावरचा पत्र्याखालचा कोपरा ही निगेटिव्ह ठेवण्याची सर्वांत वाईट जागा होय. स्कॅन झाल्यावर मूळ निगेटिव्ह भंगारात देण्याची घाईही कोणी करू नये.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनने सांभाळला, एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने इतिहास आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम द्यावे. विद्यार्थ्यांनी ज्येष्ठ छायाचित्रकारांच्या घरी जाऊन एकेक पाकीट त्यांच्यासमोर उघडावे आणि ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे. एका वातानुकूलित खोलीची सोय महानगरपालिकेला जड जाऊ नये. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो, त्यामुळे संग्रह घेताना कुटुंबाशी लेखी करार व्हावा, प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव यावे आणि विक्रीतून पैसे मिळाल्यास कुटुंबाला त्यांचा वाटा मिळावा. अनेक घरे संग्रह द्यायला कचरतात ती याच शंकेमुळे.

आपल्या दैनिकानेही आठवड्यातून एकदा असे एक अनोळखी छायाचित्र छापून त्यातील व्यक्ती, स्थळ आणि वर्ष कळवण्याचे आवाहन वाचकांना करावे, ही विनंती. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने पहिल्या काही छायाचित्रांसाठी मला तशी संमती दिली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर