माळवद वाचवणाऱ्या मिस्त्रीमामांना

तीर्थस्वरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मराठी घडाघडा बोलता, पण वाचायची सवय कानडीची. म्हणून हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाईलवर पाठवते आहे. तिला सांगितलंय, आजोबा जेवून कट्ट्यावर टेकले की मोठ्यानं वाचून दाखव. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आपल्या सोलापुरात बाळीवेशीत, मंगळवार पेठेत, कसब्यात अजून कितीतरी माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली घरं, उभी आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यातली काही पाडली जातात. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत, ते त्या घरांतल्या माणसांनीही ऐकावं असं मला फार वाटतं.

फेब्रुवारीत मधल्या खोलीत जेवताना आईंच्या ताटात वरून माती पडली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी काही न बोलता आमटी बाजूला सारली आणि कोरडी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं दारातूनच वर बघितलं, आत पाऊलही टाकलं नाही, आणि सगळं उतरवून स्लॅब टाकायचा साडेसहा लाखांचा आकडा सांगितला. धाकटे भावजी म्हणाले, एवढा पैसा घालण्यापेक्षा जागाच विकू. जुन्या मिलमध्ये विणकाम करून आजेसासऱ्यांनी उभं केलेलं घर. आई त्या रात्री देवघरासमोर बराच वेळ बसून होत्या.

शेजारच्या तेलुगू मावशींनी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही आलात, चप्पल बाहेर काढलीत, आईंना नमस्कार केलात आणि पहिलं वाक्य बोललात ते, "शिडी हाय काय ओ घरात?" मग हातोडीच्या दांड्यानं एकेक तुळई वाजवत गेलात. टण्ण, टण्ण, टण्ण. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे. चौथ्या तुळईला आवाज बदलला, ठप्प. तुम्ही पटाशी काढून भिंतीत शिरणाऱ्या टोकाला टेकवलीत, तर भिजल्या भाकरीत बोट जावं तशी ती आत गेली. मग पाचवीलाही तसंच. शिडीवरून उतरून हात पुसत तुम्ही म्हणालात, "अक्का, दोन तुळया गेल्यात. बाकी घर तुमच्या नातवाचं लगीन बघंल. पाडायचं कायबी कारण नाय की ओ."

मामा, तुमचं अख्खं आयुष्य रोजगारीवर गेलं. आमचं घर पाडलं असतं तर तुम्हाला आणि तुमच्या पोरांना तीन-चार महिन्यांचं काम मिळालं असतं. तरी तुम्ही पाडू नका म्हणालात. माझे पहिले आभार त्या एका वाक्याचे आहेत.

तुळया का कुजल्या ते तुम्ही आम्हाला वर नेऊन दाखवलंत, आणि ते ऐकताना वाटलं की हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून सगळ्यांसारखी आम्हीही माळवदावर हजार लिटरची टाकी ठेवली होती. "हजार लिटर म्हंजे हजार किलो. दहा पोती शिमिटाची नव्हं, वीस पोती झाली की. ती तुळईच्या मधोमध?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा हे गप्प झाले. टाकीचा नळ थेंब थेंब गळत होता. पन्हाळीत लिंबाचा पाला अडकलेला. आणि सहा वर्षांपूर्वी गळती थांबावी म्हणून आम्ही मातीवर सिमेंटचा कोबा करून घेतला होता, तो उन्हानं तडकला होता. तड्यांतून पाणी आत जायचं आणि वर सिमेंट असल्यामुळे माती वाळायची नाही. लाकूड वर्षानुवर्षं ओलं. माळवदाला श्वास लागतो, हे तुमचे शब्द मी आता येईल त्याला सांगते.

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. बाहेर ४३-४४ अंश, आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही छत हाताला चटका देतं. आमच्या मधल्या खोलीत दुपारी पंखा मंद ठेवून झोप लागते, ती त्या वीतभर-दीड वीत मातीमुळे. ज्यांचं माळवद शाबूत आहे त्यांनी ही गोष्ट हिशेबात धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुम्ही जॅक आणि बल्ल्या लावून तुळई उचलायला घेतलीत तेव्हा मला वाटलं, तासाभराचं काम. तुम्ही म्हणालात, "दिवसाला दोन सूत. जास्त नाय." दोन सूत म्हणजे पाव इंच. रोज सकाळी सहाला येऊन तेवढंच फिरवायचं आणि थांबायचं, भिंतीला तडा जातो का बघायचं. माझा दहावीची परीक्षा दिलेला मुलगा सुट्टीत मोबाईल घेऊन पडलेला असायचा. तुम्ही त्याच्या हातात ओळंबा दिलात आणि "तू बोल, भिंत सरळ हाय का" म्हणालात. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता आणि गोळा हलायचा थांबत नव्हता. तुम्ही ओरडला नाहीत. "गोळा थांबूस्तर आपण थांबायचं" एवढंच. आठवड्यानं तो पाचला स्वतः उठून तुमची वाट बघायला लागला.

वखारीतून उतरवलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानी तुळया तुम्हीच वाजवून निवडल्यात. टोकाखाली दगडी बैठक दिलीत, टोकाभोवती हवेला जागा ठेवलीत. मग किलचा, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, मग भुसा घालून तुडवलेली माती, वर पांढरी माती, आणि ती ठोकून बसवायला धुम्मस. चुन्याची कळी तर तुम्ही पंधरा दिवस आधीच भिजत घातली होती. पिंपातलं पाणी खदखदायला लागलं तशी तुम्ही पोरांना अंगणाबाहेर घालवलंत आणि स्वतः एकटे लांब दांड्याच्या फावड्यानं ढवळत राहिलात. तोंडाला पंचा बांधून, डोळे बारीक करून. त्या चुन्यात गुळाचं पाणी घालून भिंत आणि माळवदाच्या सांध्याला जो वाटा, म्हणजे गोलसर लेप, मारलात, त्यावर हात फिरवला तर अजून लोण्यासारखा लागतो.

पण मामा, खरं सांगायचं ते जेवणाचं आहे.

पहिल्या दिवशी अकरा वाजता ऊन चढलं, काम थांबलं. मी तुमच्यासाठी आणि दोघा गड्यांसाठी अंगणात पाट मांडत होते, तशी पद्धतच पडलेली. तुम्ही तुमचा डबा घेऊन सरळ मधल्या खोलीत आलात, बल्ल्यांच्या मधे बसलात, झाकण काढलंत आणि डबा मधोमध ठेवलात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मग आईंकडे बघून विचारलंत, "अव्वा, ऊट आयता?" आई लहानपणी अक्कलकोटला वाढलेल्या. किती वर्षांनी त्यांना कुणी कानडीत जेवलात का विचारलं असेल! त्या हसल्या आणि म्हणाल्या, इल्ला, नाही. तुम्ही म्हणालात, "मग बसा. कायक झालं, आता दासोह."

मामंजी गेल्यापासून आई आमच्याबरोबर जेवायला बसत नव्हत्या. आमचं झालं की स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं चार घास खायच्या. मी सून, मी किती वेळा म्हटलं, पण त्यांचं एकच, मला भूक नाही गं. त्या दिवशी त्या बसल्या. तुम्ही कडक भाकरी मुठीनं मोडून त्यांच्या वाटीत दह्यात घातलीत, दाताला त्रास नको म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि पदर डोळ्याला लावावा लागला.

सिद्धरामेश्वरांनी १२व्या शतकात याच गावात तळं खोदायला घेतलं, ते बसवण्णांच्या शरणांच्या वाटेनं चालणारे. कायक म्हणजे कष्ट हीच पूजा, आणि दासोह म्हणजे मिळालेलं सगळ्यांनी वाटून खायचं. हे मी वर्गात मुलांना शिकवते. पण आमच्या घरात ते बल्ल्यांच्या मधे, मातीनं माखलेल्या हातांनी घडताना बघितलं.

त्यानंतर पुढचे सव्वीस दिवस अकराला जुन्या चादरी अंथरल्या जायच्या आणि जो असेल तो बसायचा. मी पिठलं नाहीतर डाळकांदा करायची, आई मालदांडी ज्वारीच्या भाकरी थापायच्या. मावशींनी एकदा पातेलंभर पुलिहोरा, चिंचेचा भात, आणला. समोरच्या भाभींनी खिचडी आणि आंबट खट्टा पाठवला आणि नंतर भांडं न्यायच्या निमित्तानं स्वतःही बसल्या. तुमचा एक गडी बुजायचा, त्याला तुम्ही रोज आईंच्या शेजारी बसवलंत. दुसऱ्या आठवड्यात धाकटे भावजी नुसते बघायला म्हणून आले, जेवले, आणि दुपारी पायाला माती लावून तुडवायला उतरले. दोघे भाऊ किती दिवसांनी एका चिखलात उभे होते. जागा विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही. तुम्हाला यातलं काही माहीत नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री आठला आला. दिवे गेले होते. आम्ही बॅटरी घेऊन वर बघत बसलो होतो, तेवढ्यात दार वाजलं. तुम्ही डोक्यावर युरियाचं पोतं घेऊन उभे. "झोप लागना, म्हणून आलो" म्हणालात आणि आमच्यात येऊन बसलात. दीड तास पाऊस कोसळला. पन्हाळीतून धार अंगणात पडत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. आत एक थेंब नाही. तुम्ही उठून नव्या तुळईवर तळहात ठेवलात, थोडा वेळ तसाच ठेवलात, आणि चहाही न घेता निघून गेलात.

सगळं मिळून आमचा एक लाख अठरा हजार खर्च आला. त्यात टाकी खाली दगडी चौथऱ्यावर आणून बसवणंही आलं. मजुरीचा हिशेब झाला तेव्हा मुलाला शिकवलेल्या दिवसांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते मी आईंच्या डब्यात ठेवलेत, दरवर्षी मृगाआधी वर पांढरी माती टाकायची म्हणालात ना, त्यासाठी.

आणि मामा, तुमचा ओळंबा आमच्याकडेच राहिलाय. मधल्या खोलीत खुंटीला आहे, मुलगा कुणाला हात लावू देत नाही. तो न्यायला या रविवारी या. एकटे नको, मामींना आणि नातीला घेऊन या. आई हुग्गी, गव्हाची खीर, करणार आहेत, गहू आजच सडायला घेतलेत. अकरा वाजता चादरी अंथरून ठेवते.

तुमची,
बाळीवेशीतली अक्का