सगळ्यांचाच अर्थ ‘शोधणे’ कसा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांची चौकट येते. मागच्या रविवारी तिचा विषय होता शिकार आणि शोध. शब्द अठरा. त्यांपैकी अकरा शब्दांपुढे अर्थ छापला आहे ‘शोधणे’. उरलेल्यांपुढे ‘शिकार करणे’, ‘पाठलाग करणे’, नाहीतर ‘सावज’. माझी नात बँकेच्या परीक्षेला बसते आहे. तिने चौकट कापून वहीत चिकटवली (कोपऱ्यावर तर्रीचा डाग आहे, तो माझा), दोन दिवस घोकली आणि मग मला विचारले, “आजी, सगळ्यांचा अर्थ एकच आहे न, मंग इतके शब्द कायले लागतात?”

पोरीचे चुकले नाही. चुकले चौकटीचे, म्हणून हे पत्र.

मी नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या भागात सव्वीस वर्षे इंग्रजी शिकवले. पेंचचे जंगल शाळेपासून सायकलच्या टप्प्यात. वर्गात कोणाचे वडील वनमजूर, कोणाच्या घरी मोहा आणि तेंदूपत्त्यावर वर्ष निघायचे. एकदा मी फळ्यावर ‘चेज’ आणि ‘स्टॉक’ (शेअर बाजारातला नव्हे, दबकत मागे जाण्याचा) असे दोन शब्द लिहिले आणि आपल्या चौकटीसारखेच दोन्हींपुढे ‘पाठलाग’ लिहून मोकळी झाले. मागच्या बाकावरून एका वनमजुराचा मुलगा उठला. “मॅडम, मागं कोणी लागलं हे चितळाले मालूम असते का?” मी म्हटले, असते की. “मंग ते रानकुत्रे होय. बिबट राह्यला तं चितळाले मालूमच नाही पडत.”

तोवरच्या वीस वर्षांच्या नोकरीत डिक्शनरीने मला हे असे सांगितले नव्हते. रानकुत्री टोळीने धावतात, चितळ जीव घेऊन पळते, वानरे ओरडतात, साऱ्या जंगलाला खबर लागते. तो चेज. बिबट्या पोट जमिनीला टेकवून, झुडपाझुडपाआडून, थांबत थांबत येतो आणि शेवटच्या झेपेपर्यंत चितळ चरतच असते. तो स्टॉक. आपल्याकडे पहिल्याला पाठलाग आहे, दुसऱ्याला दबा धरणे आहे, मागावर असणे आहे. दोन्हींना एकच शब्द लावायची गरज मुळात नव्हतीच.

हा भेद फक्त परीक्षेपुरता नाही, म्हणून जरा लांबवते. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. गुन्हा स्टॉकिंगचा. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही वारंवार मागे जाणे, संपर्क साधत राहणे, तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवणे, हे सगळे त्यात बसते. आपल्याच शहर पानावर अशी बातमी ‘तरुणीचा पाठलाग’ या मथळ्याने येते. वाचणाऱ्याला वाटते, कोणीतरी मोटारसायकल घेऊन मागे सुटला असेल. घरात बसून मोबाइलवरून मागावर राहणारा त्या मथळ्यात दिसतच नाही. ‘तरुणीवर पाळत’ एवढे लिहिले असते तरी दिसला असता.

आता ‘हंट’. चौकटीत त्याचा अर्थ ‘शिकार करणे, मारणे’. मग घर भाड्याने शोधणाऱ्याचे हाऊस हंटिंग आणि नोकरी शोधणाऱ्याचे जॉब हंटिंग कसे होते? हा शब्द शोधापासून वधापर्यंत कुठेही थांबू शकतो, हीच त्याची गोम. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीच्या मागे पथके फिरत होती, तेव्हा इंग्रजी बातम्यांत हंट हाच शब्द. तिला बेशुद्ध करून धरायचे की गोळी घालायची, हा वाद कोर्टापर्यंत गेला होता. पकडा म्हणणाऱ्यालाही तो शब्द चालत होता आणि मारा म्हणणाऱ्यालाही. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मेली. मराठीत ‘अवनीचा शोध’ लिहायचे की ‘अवनीची शिकार’, हे बातमी लिहिणाऱ्याला आधीच ठरवावे लागत होते. मला यात मराठी गरीब वाटत नाही. इंग्रजीला जिथे लपता येते तिथे मराठीला येत नाही, इतकेच.

आणि शिकार म्हणजे मारणेच, असे आपला कायदाही म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात हंटिंगची व्याख्या आहे. तीत फास लावणे, विष घालणे, पकडणे, आमिष दाखवणे, हाकून नेणे, यातले काही करण्याचा नुसता प्रयत्न, एवढेच काय पण पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणेही येते. हाकून नेणे म्हणजे आपला हाका. झुडपे बडवत जनावर बंदुकीकडे लोटायचे. इंग्रजीत त्याला बीट म्हणतात, आणि मुद्द्यावर न येता इकडचे तिकडचे बोलणाऱ्याला ‘झुडपाभोवती बडवतो’ म्हणतात ते त्यावरूनच. माझ्या वर्गातल्या मुलांना बीट हा शब्द घरचा. बाबा बीटवर गेले, म्हणजे गस्तीला गेले. त्यामुळे हा वाक्प्रचार शिकवताना प्रत्येक वर्षी गोंधळ व्हायचा आणि प्रत्येक वर्षी मजा यायची.

‘सर्च’चे वेगळे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या गोल फिरण्यात आहे, सर्कल आणि सर्कस त्याच खानदानातले. २०१६ च्या एप्रिलनंतर उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय वाघ दिसेनासा झाला, गळ्यात रेडिओ कॉलर असून. तेव्हा जे चालले ते अगदी या मूळ अर्थाचे सर्च होते. माणसे जंगलात फिरत होती, नाले, पाणवठे, पायवाटा, पुन्हा नाले. पानठेल्यावरसुद्धा ‘जय भेटला का?’ हाच प्रश्न. थांगपत्ता लागला नाही. थांग म्हणजे पाण्याचा तळ. काठी खाली सोडतो आहोत आणि ती टेकतच नाही, असे ते दिवस होते. या शब्दाच्या तोडीचा इंग्रजी शब्द मला अजून मिळालेला नाही.

चौकटीतली सगळ्यात मोठी चूक मात्र ‘फोरेज’ची आहे. अर्थ दिला आहे ‘शोधणे’. मार्च-एप्रिलमध्ये देवलापारकडे पहाटे अंधारात बाया टोपल्या घेऊन निघतात, मोहाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, आणि उजाडेपर्यंत वाकून वाकून फुले गोळा करतात. त्यांचे काही हरवलेले नसते. त्या शोधत नाहीत, वेचतात. फोरेज म्हणजे रानात फिरून पोटापुरते वेचून आणणे. आपण ‘मोहफूल वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार’ अशी बातमी दर उन्हाळ्यात छापता. म्हणजे शब्द आपल्याच छापखान्यात होता.

‘रॅन्सॅक’ही ‘शोधणे’! नातीचे हॉल तिकीट सापडत नव्हते त्या दिवशी आमच्या घरात जे झाले ते रॅन्सॅकच्या जवळपास जाणारे होते. हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला. रॅन म्हणजे घर, आणि पुढचा भाग शोधण्याचा. मराठीत जशीच्या तशी घरझडती. फरक एवढाच, की आपली घरझडती पोलीस कागद दाखवून घेतात आणि इंग्रजीतले रॅन्सॅक आता चोर करतो, कपाटे उपडी करून. नातीने फक्त खण उचकले होते, म्हणून मी तिला ‘रमेज’ दिला. तो जहाजात माल रचण्याचा जुना शब्द आहे, पुढे त्याच्यात उलथापालथ शिरली. तिकीट वॉशिंग मशीनवर होते.

‘क्वारी’पुढे ‘सावज’ बरोबर आहे, पण एक ओळ हवी होती. नातीला क्वारी म्हणजे खदान एवढेच माहीत. नागपुरात गिट्टीखदानसमोरून रोज जाणाऱ्या पोरीला दुसरे काय वाटणार? दगडाची क्वारी चौकोनी दगडाच्या लॅटिन शब्दातून आली. सावजाची क्वारी फ्रेंचमधून, शिकारी कुत्र्यांना त्यांचा वाटा मेलेल्या जनावराच्या कातड्यावर वाढत त्यावरून. दोघींची ओळखसुद्धा नाही, स्पेलिंग सारखे झाले.

एक गोष्ट चौकटीत नव्हती, पण असायला हवी होती. इंग्रजीतला ‘डिअर’ पूर्वी कोणतेही जनावर होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘टीअर’ अजून जनावरच आहे. शिकार प्रामुख्याने हरणाची होऊ लागली आणि शब्द हरणापाशी येऊन थांबला. आमच्या मृगाचेही तेच. संस्कृतात मृग म्हणजे रानातले कोणतेही जनावर, नाहीतर सिंहाला मृगेंद्र आणि वानराला शाखामृग कोण म्हणेल? त्याच मृगाशी मृगया जोडलेली, मार्ग जोडलेला, आणि मार्गातून आपला माग. मागणे हे क्रियापदही मुळात शोधणेच होते. ‘गवेषणा’ तर गाय शोधण्यावरून झाली, आणि आज विद्यापीठातल्या संशोधनाला तो जड शब्द लावतात. आपले साधे ‘गवसणे’ त्याच गोठ्यातले. हे मी वर्गात सांगायची तेव्हा एक मुलगी म्हणाली होती, “आमची गाय हरवली तं बाबा रातभर गवेषणाच करत होते मंग.” तिला पूर्ण गुण.

तेव्हा विनंती अशी. अठरा शब्द छापू नका, सहा छापा. पण प्रत्येकापुढे एक वाक्य द्या: कोण, कुठे, कशासाठी शोधतो आहे. आणि मराठी अर्थ देताना ‘शोधणे’ शेवटी ठेवा. त्याआधी ढुंढणे (आम्ही नागपूरकर हुडकत नाही), धुंडाळणे, चाचपणे, वेचणे, छडा लावणे, झडती घेणे, माग काढणे यांना एकदा आवाज देऊन बघा. पुण्या-मुंबईच्या संपादकीय टेबलावर ढुंढणे हिंदी वाटले तर वाटू द्या. विदर्भातल्या पोरांना तेच आधी कळेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मानेवाडा, नागपूर

ता. क. चौकटीत ‘ब्राउज’पुढे ‘इंटरनेटवर शोधणे’ छापले आहे. शब्द मूळचा शेळीचा. ती झुडपाचे कोवळे शेंडे खुडत, एकाही झुडपापाशी नीट न थांबता पुढे जाते, त्याला ब्राउज म्हणतात. नातीला हे सांगितले तर म्हणाली, “म्हणजे रात्री मी मोबाइलवर करते तेच.”