‘प्रीमियर’मधल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न.

वाचनालयातलं कुर्ल्याचं प्रदर्शन छान झालं. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ या मोटार कंपनीवरच्या भिंतीपुढे सगळ्यात जास्त गर्दी होती, ती तुमच्यामुळे. फोनवर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय.

कंपनीचा कागदोपत्री इतिहास कुठेही मिळतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ती काढली, अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज-प्लिमथ मोटारी जुळू लागल्या. पण तेवढ्यावर भागवलं असतं, तर पुढची सगळी भिंत कंपनीच्या पद्मिनी मोटारीनेच अडवली असती. २०२३च्या ऑक्टोबरात काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा पेपरवाल्यांनी काय गळे काढले! पण त्याच कारखान्यातल्या ट्रकसाठी कोण रडतंय?

ते ट्रक तुम्ही भिंतीवर आणलेत. कडा झिजलेला तो फोटो खिडकीशी धरून तुम्ही बॉनेटवरची नावं एकेक करून वाचलीत: डॉज, फार्गो, डी सोटो. वर म्हणालात, “गाडी तीच रे, बिल्ला बदलला की डीलर बदलला.” फोटोखाली आम्ही हेच वाक्य लावलं. ते वाचून एक आजोबा हटूनच बसले, की आमच्या गावाकडचा फार्गो डॉजपेक्षा दमदार होता! त्यांना समजावायला तुम्हीच हवे होतात.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढून दिलेल्या नकाशाचे वेगळे आभार. रंगखात्याच्या चौकोनावर पेन्सिल दोनदा फिरवलीत, साहेबांची केबिन मात्र कोपऱ्यात ठिपक्याएवढी! तसाच लावला, दुरुस्त्या न करता.

आणि कंपनीचा तो वाडके खटला. १९७५चा तो सुप्रीम कोर्टाचा निकाल वकिलीची पोरं अजून घोकतात: कामगारांचा कुठला वाद दिवाणी कोर्टात चालतो आणि कुठला नाही. मुळात भांडण होतं मोटर प्रॉडक्शन खात्यातल्या इन्सेंटिव्हचं, त्यात दोन युनियनची चुरस. निकालपत्राची पानं चाळून जे डोक्यात शिरलं नाही, ते तुम्ही चहा निवायच्या आत सांगितलंत.

कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. तिथली बरीच तरुण मंडळी ‘प्रीमियर रोड’चा पत्ता रोज सांगतात, नावामागचा कारखाना त्यांना भिंतीवर पहिल्यांदा दिसला.

फोटो आणि नकाशा रविवारी घरी आणून देतो. ट्रकच्या लाइनवरचे तुमचे ते मित्र बोलायला तयार असतील तर त्यांनाही बोलावून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वाचनालयातला मुलगा