‘पर्सेपोलिस’ मराठी सबटायटल्ससह दाखवायचा आहे, हातभार लावा

मार्जान सत्रापी आणि व्हँसाँ पारोनो यांचा ‘पर्सेपोलिस’ (२००७) हा फ्रेंच अ‍ॅनिमेशनपट आपल्या फिल्म सोसायटीला मराठी सबटायटल्ससह दाखवायचा आहे. तेहरानमधली चुणचुणीत मार्जी १९७८ साली लहान आहे. इराणच्या शहाची सत्ता कोसळते, क्रांती होते. तुरुंगात पावाचा हंस करून तिला देणाऱ्या अनुशकाकांना नवी राजवट ठार मारते. पुढे इराकशी युद्ध पेटतं आणि आईवडील मुलीला व्हिएन्नाला धाडतात. हा चित्रपट आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीने पाहावा असं आम्हांला मनापासून वाटतं. त्याहून लहानांना मात्र आणू नये.

इंग्रजी ओळी वाचण्यात नजर अडकली की चित्र निसटतं. इथे चेहरे मोजक्या रेषांचे आहेत. काळे चादोर (डोक्यापासून पायापर्यंतचं वस्त्र) घेतलेल्या बायकांच्या गर्दीत एक भुवई हलते आणि तेवढ्यात सगळं सांगून होतं.

म्हणून फ्रेंच उत्तम वाचणारे दोघे आणि मराठी टंकलेखन येणारे दहा जण हवेत. चित्रपट सुमारे ९६ मिनिटांचा आहे, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दहाएक मिनिटं येतील. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळिसाच्या आत अक्षरं. फाइल युनिकोडमध्ये (यूटीएफ-८) जतन करा, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. ओळींच्या वेळा सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीवरूनच घ्या. २५ फ्रेमची प्रत जवळपास चार मिनिटं आधी संपते, त्यामुळे शेवटी संवाद एकीकडे आणि ओळी दुसरीकडे जातात. चित्रपट बहुतांशी कृष्णधवल असल्याने पांढरी अक्षरं पांढऱ्या भागात विरून जातात. ती पिवळी ठेवून बारीक काळी कड द्यायची. कड जाड झाली तर जोडाक्षरांची पोटं भरतात आणि अनुस्वार दिसेनासे होतात.

सभागृहाच्या आठ खिडक्या आणि एक दार झाकायला ५४ इंची पन्ह्याचं काळं ब्लॅकआउट कापड २० मीटर लागेल. साधं मांजरपाट चालणार नाही. उजेडाची एक फट राहिली तरी पडद्यावरचा काळा रंग राखाडी होतो, आणि या चित्रपटाची निम्मी ताकद त्या काळ्यातच आहे.

पैसा लागणार आहे तो मुख्यतः हक्कधारकांच्या शुल्कासाठी. घरची डीव्हीडी जाहीर खेळाला चालत नाही. प्रदर्शनाची आणि मराठी सबटायटल्सची अशी दोन्ही परवानगी लेखी घ्यावी लागते. भारतात खेळ करण्याची सरकारी पूर्तता वेगळी. ती हाताळलेलं कुणी ओळखीत असेल तर जरूर कळवा, तो फार मोठा आधार होईल.

देणगी यथाशक्ती, शंभर रुपयांपासून. रोख दिल्यास पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. खेळाची तारीख परवानगी हातात आल्यावरच जाहीर होईल. ती मिळाली नाही तर पावती दाखवून पूर्ण रक्कम परत नेता येईल. कापड, देणगी आणि कामासाठी नावं सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत द्यावीत.