बालविभागाच्या ग्रंथपालांची तालुकावार बैठक सुरू व्हावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालयांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून पत्रे व बातम्या प्रसिद्ध होतात. अनुदानाचा हप्ता वेळेवर न येणे, सेवकांना वेतनश्रेणी नसणे, दर्जावाढ रखडणे हे त्यांतले नेहमीचे विषय असून ते सर्व न्याय्यच आहेत. मला मात्र आज अशा एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, जिला फारसा पैसा लागणार नाही आणि जी आम्ही सेवकांनी मनावर घेतली तर याच वर्षी सुरू होऊ शकेल. सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागात काम करणाऱ्या ग्रंथपालांनी व सेवकांनी ठरावीक काळाने एकत्र बसून एकमेकांना कामात मदत करावी, आणि या बैठकीला ग्रंथालयाच्या कामाचाच भाग म्हणून मान्यता मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १९७० च्या नियमांनुसार ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग मिळू लागले. राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या आज काही हजारांत आहे, पण ‘ड’ वर्गात सगळा कारभार एकाच माणसाच्या हाती असतो. पुस्तकांची देवघेव, दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद), वर्गणीची पावती, वर्तमानपत्रांची मांडामांड आणि झाडलोटसुद्धा तोच करतो. वरच्या वर्गांच्या ग्रंथालयांत बालविभाग स्वतंत्र असला, तरी तो बहुधा नव्याने लागलेल्या निर्गम सहायकाकडे, म्हणजे पुस्तके देण्याघेण्याचे काम पाहणाऱ्या सेवकाकडे, सोपवला जातो, कारण ‘लहान मुलांचेच तर काम आहे’ असा समज कार्यकारिणीत रुजलेला असतो. वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची, म्हणजे तालिका, तयार करणे), नोंदवह्या हे सारे प्रमाणपत्र अभ्यासक्रमात आम्ही शिकलो आणि ते रोज उपयोगी पडते. तिसरीतल्या मुलाला पुस्तकापाशी दहा मिनिटे कसे रमवावे, हे मात्र आमच्यापैकी बहुतेकजण नोकरीत धडपडतच शिकले. अशा तऱ्हेने शिकलेले एका ग्रंथालयातून शेजारच्या ग्रंथालयात पोहोचत नाही. माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबरच ते संपते.

बालविभागाचे काम मोठ्यांच्या विभागापेक्षा किती निराळे आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मोठा वाचक लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव सांगतो. सात-आठ वर्षांचे मूल तसे सांगत नाही. ‘ती वाघाची, पण घाबरायला होत नाही ती’, ‘मागच्या वेळी ताईने नेलेले, ज्यात शेवटी विहीर होती’, ‘जाड नको, पण चित्रे खूप असलेले’ अशी त्याची मागणी असते आणि कोणत्याही तालिकेत तिचे उत्तर सापडत नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यातील एक ग्रंथपाल भगिनी देवघेवीच्या टेबलावर एक साधी दोनशे पानी वही ठेवतात. मुलाने मागणी ज्या शब्दांत केली ते शब्द डावीकडे आणि शेवटी कोणते पुस्तक त्याच्या हाती गेले ते उजवीकडे, असे दोन रकाने त्यांनी पाडले आहेत. पुस्तक परत आल्यावर ते पुरते वाचले गेले की मध्येच सोडले, याची एक छोटीशी खूण त्या त्याच ओळीत करतात. ही वही पाहिल्यावर मला कळले की, आमच्या ग्रंथालयात ज्या पुस्तकांना वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही, त्यांतली काही पुस्तके त्यांच्याकडे सतत फिरतीवर असतात. पुस्तके तीच होती, पण ती कोणत्या मुलाला द्यावीत हे मला ठाऊक नव्हते. त्या वहीतील पाने मी उतरवून घेतली आणि आता आमच्याकडेही तशीच वही सुरू झाली आहे. तालुक्यातल्या सर्व बालविभागांनी अशा वह्या ठेवून त्या वर्षातून दोनदा एकमेकांसमोर मांडल्या, तर त्यातून तयार होणारी यादी कोणत्याही विक्रेत्याच्या यादीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरेल, असे मला मनापासून वाटते.

मोठ्याने वाचून दाखवण्याचेही तसेच आहे. चित्रपुस्तक वाचून दाखवताना आपल्यापैकी अनेकजण ते स्वतःसमोर धरतात, पान वाचतात आणि मग पुस्तक उलटे करून मुलांना चित्र दाखवतात. तेवढ्यात मागच्या रांगेतली मुले चुळबुळू लागतात. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, पाने मुलांकडे करून, खालच्या कडेने एका हाताने धरायचे, मजकूर आधीच पाठ असल्यासारखा तिरप्या नजरेने वाचायचा आणि पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबून मुलांना चित्रातले काही सापडते का ते पाहू द्यायचे, हे एकदा कोणीतरी समोर बसून करून दाखवले की लगेच उमगते. परिपत्रकातून ते कळत नाही आणि मोबाइलवरच्या ध्वनिचित्रफितीतूनही पुरते कळत नाही. आमचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो, परंतु त्यांवर प्रामुख्याने तपासणीच्या तारखा आणि विवरणपत्रांचे नमुने येतात. पुस्तक हातात घेऊन होणारी चर्चा समोरासमोरच व्हावी लागते.

सर्वांत कठीण प्रश्न बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींचा आहे आणि त्यावर मी जरा विस्ताराने लिहितो. सातवीपर्यंत नियमित येणारी मुले आठवी-नववीत ग्रंथालयाकडे पाठ फिरवतात. शिकवण्या आणि मोबाइल ही त्याची कारणे आहेतच, पण आपल्याकडूनही त्यांना जागा मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांना ‘बालविभाग’ अशी पाटी असलेल्या खोलीत लहान खुर्च्यांवर बसायला संकोच वाटतो आणि मोठ्यांच्या विभागात गेल्यास ‘तुझी पुस्तके तिकडे आहेत’ असे ऐकावे लागते. काही ग्रंथालयांनी यावर साधा उपाय केला आहे. दोन्ही विभागांच्या मधल्या भिंतीला एक कपाट लावून, त्यावर वयाची कोणतीही पाटी न लावता, चरित्रे, प्रवासवर्णने, विज्ञानकथा, खेळाडूंविषयीची पुस्तके आणि थोड्या कादंबऱ्या त्यात एकत्र ठेवल्या. मुले तिथे उभ्या उभ्या पाने चाळतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. हा उपाय ज्यांनी केला त्यांना त्यातील अडचणीही ठाऊक आहेत, म्हणूनच इतरांनी त्यांच्याकडून तो समजून घेणे श्रेयस्कर.

या वयाच्या वाचनात शरीरातील बदल, प्रेम, जात, घरातले मृत्यू, आईवडिलांमधील भांडणे असे विषय येणारच, आणि ते येणे योग्यही आहे. अडचण अशी की, एखाद्या पालकाने ‘असले पुस्तक माझ्या मुलीला का दिले?’ असे विचारले, तर एकट्या पडलेल्या ग्रंथपालाच्या पाठीशी कोणीच नसते. मग पुस्तक गुपचूप कपाटातून काढले जाते आणि पुढच्या खरेदीत तसे पुस्तक घेतलेच जात नाही. तेच पुस्तक जर तालुक्यातल्या पाच-सात ग्रंथपालांनी वाचलेले असेल, त्यावर बोलून ते कोणत्या वयाला योग्य आहे याचे दोन-तीन ओळींचे टिपण लिहिलेले असेल, तर तोच ग्रंथपाल पालकांना शांतपणे व आदराने उत्तर देऊ शकेल. प्रसंगी त्यांचे म्हणणे ऐकून तो टिपणही बदलू शकेल. माझ्या मते, एकमेकांच्या साहाय्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

पुस्तकखरेदीबाबतही थोडे लिहिणे आवश्यक आहे. अनुदानाचा दुसरा हप्ता अनेकदा आर्थिक वर्ष संपत आले असताना हाती पडतो. त्यामुळे खरेदी घाईने होते आणि मुलांची पुस्तके विक्रेत्याने बांधून दिलेल्या संचातून घेतली जातात. त्या संचांत तीच ती बोधकथांची पुस्तके वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली येतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची. या प्रतिष्ठानकडून मिळणाऱ्या ग्रंथसाहाय्याचा ग्रामीण ग्रंथालयांना आधार आहे, पण कोणते पुस्तक कोणत्या गावी वाचले जाईल हे ठरवण्यासाठी गावातल्या सेवकाचेच ज्ञान लागते. चार ग्रंथालयांनी आधी बोलून खरेदी केली, तर प्रत्येकाने तेच पुस्तक घेण्याऐवजी चौघांकडे चार निरनिराळी पुस्तके येतील आणि ती आळीपाळीने फिरवता येतील.

ही कल्पना नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले आणि त्यांच्या देखरेखीखाली फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या संस्थानातल्या गावोगावी जाऊ लागल्या. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालनही होते. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते असे की, तिथल्या ग्रंथालयप्रेमी मंडळींनी १९१२ पासून ग्रंथालयशास्त्रावर एक नियतकालिक चालवले आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. शंभर वर्षांपूर्वी ग्रंथपालांनी आपल्या कामाविषयी एकमेकांशी मराठीतून लेखी बोलण्याची सोय होती. आज बालविभागाच्या सेवकांसाठी तालुक्याच्या पातळीवर बोलण्याचीही सोय असू नये, याचे वाईट वाटते.

आज अशी पुस्तके एका ग्रंथालयातून दुसऱ्या ग्रंथालयात फिरवण्यात एक व्यावहारिक अडचण आहे. पुस्तक ज्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत असते, ते तपासणीच्या वेळी तिथेच दाखवावे लागते, आणि दुसऱ्या गावी गेलेले पुस्तक गहाळ झाले तर भरपाई कोणी करायची याची धास्ती सेवकाला असते. म्हणून ग्रंथालय संचालनालयाने एक छोटे परिपत्रक काढून, कार्यकारिणीच्या ठरावाने व दोन्ही ग्रंथपालांच्या सहीच्या पावतीवर मुलांची पुस्तके ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या मान्यताप्राप्त ग्रंथालयास देता येतील आणि तपासणीत ती पावती ग्राह्य धरली जाईल, असे स्पष्ट करावे. हा एक कागद निघाला तर पुष्कळ ग्रंथालये पुढे येतील.

शिकण्यासाठी आसपास जागा आहेत. आमच्याच सातारा जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचे गाव २०१७ पासून आहे. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेने मुलांच्या वाचनावर अनेक वर्षे काम केले आहे. गोव्यात बुकवर्म ही संस्था ग्रंथालयातून मुलांपर्यंत कसे पोहोचावे याचा मार्ग दाखवते. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक सर्वांना विनामूल्य वाचण्यासाठी संकेतस्थळावर ठेवले आहेत, ही गोष्ट आजही अनेक सेवकांना ठाऊक नाही. या साऱ्यांशी एकेकट्या सेवकाने संबंध जोडणे अवघड असते, तेच तालुक्याच्या गटाला सोपे जाईल. शालेय ग्रंथपाल आणि वाचनाची आवड असलेले जिल्हा परिषदेचे शिक्षक यांनाही गटात आवर्जून घ्यावे, कारण मुले दिवसाचा मोठा भाग त्यांच्याकडे असतात.

यासाठी जिल्हा ग्रंथालय संघांना आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, दर दोन महिन्यांनी बालविभागाच्या सेवकांची अर्ध्या दिवसाची तालुकावार बैठक घेण्यास त्यांनी संमती द्यावी, हा वेळ कर्तव्यकाळ समजावा, आणि एसटीच्या तिकिटाचा खर्च ग्रंथालयाच्या वेतनेतर खर्चात दाखवण्यास हरकत घेऊ नये. ज्या ग्रंथालयात एकच सेवक आहे, तिथे त्या अर्ध्या दिवसापुरती देवघेव कार्यकारिणीतील एखाद्या सदस्याने सांभाळावी. जिल्हा ग्रंथोत्सवात भाषणे व ग्रंथदिंडी यांबरोबर एक सत्र केवळ बालविभागाच्या कामासाठी राखून ठेवावे, आणि त्यात व्याख्यानाऐवजी सेवकांनीच आपापल्या वह्या, याद्या व वाचून दाखवण्याच्या पद्धती समोर मांडाव्यात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. प्रतिमापूजनानंतर त्याच दिवशी दुपारी आमच्या तालुक्यातली पहिली बैठक घ्यावी असे आम्ही काहीजणांनी ठरवले असून, आमच्या कार्यकारिणीने त्यासाठी ग्रंथालयाचे सभागृह देऊ केले आहे. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बालविभागातील दोन पुस्तके बरोबर आणावीत, एक सतत मागणी असलेले आणि दुसरे कोणीच नेत नाही असे. शेजारच्या तालुक्यांतील ग्रंथपालांनाही आम्ही निमंत्रणे पाठवत आहोत.

आपला विश्वासू,
बालविभागातील एक ग्रंथपाल,
सातारा जिल्हा