ज्याचा टाळ थांबत नाही

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, बढती मिळाली खरी, पण हाताखालची चाळीस माणसं मीटिंगमध्ये गप्प बसतात आणि चहाच्या टपरीवर माझ्या नावानं खडे फोडतात." तेव्हा मला काही सुचलं नाही. रात्री आडवा झाल्यावर वारीतली समाजआरती आठवली, मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी होते ती. जेजुरीच्या मुक्कामी तू माझ्या खांद्यावर बसून ती पाहिली होतीस. चार वर्षांची होतीस, तुला कुठली आठवायला!

माउलींची पालखी तळावर येते, दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि सगळं एका क्षणात थांबतं. पहिल्या वर्षी मी तेवढंच पाहून आलो आणि काय ती शिस्त, काय ती शिस्त, म्हणून गावभर सांगत सुटलो.

मला अर्धंच कळलं होतं. सगळे गप्प झाल्यावरही कधी कधी एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहतो. त्या दिंडीची काहीतरी तक्रार असते. चोपदार स्वतः चालत तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात आणि त्याचा निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. तोवर लाखभर माणसं पायांचे तुकडे पडलेले असतानाही उभी असतात.

एका वर्षी आमच्याच दिंडीनं टाळ वाजवला. चालताना पुढं-मागं होण्यावरून शेजारच्या दिंडीशी वाजलं होतं. निकाल आमच्या विरुद्ध गेला. खरं सांगू? चूक आमचीच होती. पण त्या रात्री राहुटीत कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांदेखत ऐकून घेतलं होतं ना. न ऐकताच हरलो असतो, तर पंढरपूरपर्यंत तेच उगाळत बसलो असतो.

या सोहळ्याची आजची घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, म्हणून लोक याला लष्करी शिस्त म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. रांगा, क्रम, कूच हे फौजेतलं खरं. पण हुकूम झाल्यावरही जो वाजवत राहतो, त्याच्याकडे कुठला सेनापती चालत जातो? चोपदाराकडे ना पगार ना बढती, कुणाला काढून टाकायचा अधिकारही नाही. तरी चोप वर गेला की माणसं थांबतात. आपण वाजवलं तर हा येईल, एवढी खात्री असते म्हणून थांबतात, असं मला वाटतं.

आता तू म्हणशील, बाबांना वारीत सगळं गोडच दिसतं. तसं नाही गं. ज्या संप्रदायानं चोखोबांचे अभंग गायले, त्याच्याच पंढरीत चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, महाद्वारापाशी. त्यांच्या जातभाईंना विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. एकमेकांना माउली म्हणून पाया पडणाऱ्यांना हा टाळ शतकानुशतकं ऐकू आला नाही. म्हणून तुझ्या मीटिंगमध्ये कोण बोलतं याच्याआधी खोलीत कोण बसतं ते बघ. कंत्राटावरची पोरं, सफाईच्या मावशी यांना कधी बोलावलंस का?

मीटिंग संपवायच्या आधी कुणाचा टाळ वाजतोय का, ते एकदा विचारत जा. पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडणार नाही. वाट पाहा.

यंदा गुडघ्यामुळे मला लोणंद ते तरडगाव एवढंच जमेल. रजा मिळाली तर ये. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण पाहू आणि संध्याकाळी तळावर थांबू. आईनं मेतकूट करून ठेवलंय. येताना माझी गुडघ्याची पट्टी आण, मागच्या खेपेला तुझ्याकडेच राहिली.

तुझे,
बाबा